हंगामाचे आभारभोजन : पंगतीत काय वाढावे आणि कोणाला बसवावे?



काही काळापूर्वी सोनपेठ परिसरातील एका वयस्कर भगिनीने आम्हांला एक साधा प्रश्न विचारला. "फादर, औंदा तुरी बऱ्या झाल्या. देवाचे उपकार मानायला चार माणसं जेवू घालावी म्हणते. पण काय करावं ते सुचंना." त्यांचा नातू पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. नोव्हेंबर महिन्यात त्याच्या कार्यालयात अमेरिकी पद्धतीचे 'थँक्सगिव्हिंग डिनर' झाले होते. त्याने आजीला फोनवरून अख्खा भाजलेला पक्षी, गोड पाव, भोपळ्याचा गोड पदार्थ अशी यादी सांगितली. थोरल्या मुलाचे मत वेगळे पडले. बोकड कापावा, दारात मंडप घालावा आणि पैसे कमी पडले तर आडतीवरून उचल घ्यावी, असे तो म्हणत होता. आजींचे मन मात्र तिसऱ्याच गोष्टीत अडकले होते. "मागल्या साली असंच जेवण केलं, फादर. पाहुणे जेवून गेले. तुरी कापणाऱ्या बाया मात्र बांधावर आपली आपली भाकरी खाऊन गेल्या. ते काही मनातून जात नाही."

आजींच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. पहिला ताटाचा, दुसरा पंगतीचा. या लेखात आम्ही दोन्हींचा विचार करणार आहोत. पाककृतीही देणार आहोत. कारण केवळ उपदेश केल्याने चूल पेटत नाही.

आभारभोजनाचे मूळ

शेतातले पहिले पीक देवाला अर्पण करावे व मग आनंदाने जेवावे, ही रीत पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. अनुवादाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली शेतकरी आपल्या जमिनीचे प्रथमफळ टोपलीत घालून देवासमोर आणतो. तेथे तो आपले पूर्वज कसे भटके व गुलाम होते ते आठवतो आणि नंतर भोजन करतो. त्या भोजनाला कोणी बसावे हेही तेथेच सांगितले आहे : घरचे लोक, जमीन नसलेला लेवी आणि गावात राहणारा परदेशी. ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला त्या पंगतीत हक्काची जागा आहे.

लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आणखी एक नियम आहे. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि खाली पडलेली कणसे गोळा करू नयेत. ती गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावीत. आपल्याकडे यालाच सरवा म्हणतात. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रूथ ही विधवा, परदेशी स्त्री बेथलेहेमच्या शिवारात सरवा वेचायला गेली. जेवणाच्या वेळी शेतमालक बवाजाने तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बोलावले, भाकरी दिली आणि भाजलेले धान्य स्वतः तिच्यापुढे केले. ती पोटभर जेवली आणि तिने उरलेले सासूसाठी नेले. बेथलेहेम या नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा होतो. भाजलेले कोवळे धान्य म्हणजे काय, हे ज्याने आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला आहे त्याला अधिक चांगले कळेल.

आपल्या उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या 'युखारिस्त' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही आभार मानणे असाच आहे. तेथेही समोर भाकर असते आणि ती मोडून वाटली जाते.

इतर ठिकाणच्या रीती

आजींच्या नातवाने पाहिलेला अमेरिकी सण १६२१ सालच्या एका कापणीशी जोडला जातो. प्लिमथ येथे नव्याने आलेल्या वसाहतीतील सुमारे ५० माणसे व तेथील मूळचे सुमारे ९० वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले. मूळच्या लोकांनी पाच हरणे आणली होती आणि मका पिकवण्याची पद्धत त्यांच्यातीलच एकाने वसाहतवाल्यांना शिकवली होती. पुढे १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी या दिवसाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या लोकांनी त्यांच्या मातीत व रानात जे होते तेच शिजवले. म्हणून त्यांचे खरे अनुकरण करायचे तर सोनपेठमध्ये टर्की पक्षी शोधत हिंडण्याचे कारण नाही. आपल्या मातीत जे आले ते शिजवावे.

आपल्या देशातील ख्रिस्ती बांधवांनी हे केव्हाच ओळखले आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा होतो; नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात ऑगस्ट महिन्यात कणसांचे फेस्त होते. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती घरांत ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला, नव्या भाताचे दाणे दुधात मिसळून घरातील सर्वांना दिले जातात. त्या दिवशीचे जेवण शाकाहारी असते. जे कोणी परगावी वा परदेशी असतील त्यांच्यासाठी ते दाणे टपालाने पाठवण्याची रीत तेथे आहे. गैरहजर माणसाचा वाटा राखून ठेवण्याची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आपल्या शिवाराचे वेळापत्रक

कोकणात भात एकदाच घरी येतो, म्हणून तेथे एकच दिवस ठरला. गोदाकाठच्या काळ्या जमिनीचे तसे नाही. येथे मूग-उडीद पोळ्याच्या आगेमागे निघतात. सोयाबीन व बाजरी दसऱ्याच्या सुमारास येतात. तूर डिसेंबर-जानेवारीत आणि रब्बीची ज्वारी, हरभरा व गहू फेब्रुवारी ते एप्रिल या काळात घरी येतात. मग आभार केव्हा मानावेत?

या प्रश्नाचे उत्तर पिकापेक्षा माणसांवर अवलंबून आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, जिला 'कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि कारखाने बंद झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परतते. मुले पुष्कळदा आजी-आजोबांजवळ राहतात. ज्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या शेतात खुरपणी केली, तीच माणसे जानेवारीत गावात नसतात. त्यामुळे आपण जानेवारीत मोठे भोजन घातले तर निम्मी पंगत आपोआप रिकामी राहते.

म्हणून आम्ही तीन वेळा सुचवतो. प्रत्येक कुटुंबाने किंवा वस्तीने आपल्या सोयीने त्यांपैकी एक निवडावी. पहिली, ऊसतोडीला जाणाऱ्यांना निरोप देताना. दुसरी, जानेवारीत तुरी व हुरड्याच्या दिवसांत. मात्र तेव्हा परगावी गेलेल्यांचा वाटा बाजूला काढावा. तिसरी, ईस्टरनंतर, सर्वजण परतल्यावर. उपवासकाळात मेजवानी शोभत नाही, म्हणून रब्बीचे आभार पुनरुत्थानाच्या आनंदात मिसळावेत हे बरे. ज्यांना पहिली वेळ सोयीची आहे पण ऊसतोडीला जाणारे शेजारी नाहीत, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यावर येणारा 'जागतिक गरीब दिन' धरावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तो सुरू केला आणि २०१७ मध्ये तो प्रथम पाळला गेला.

आता ताटाकडे वळू. पुढील प्रमाणे सुमारे ५० माणसांसाठी आहेत.

पहिली वेळ : निरोपाचे जेवण (दसरा ते दिवाळी)

या दिवसांत घरात नवे उडीद, नवे मूग व नवी बाजरी असते. मुख्य पदार्थ उडदाचे घुटे व बाजरीची भाकरी हाच ठेवावा.

घुट्यासाठी अडीच किलो उडदाची डाळ कोरडी, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजावी. धुऊन भरपूर पाण्यात मऊ शिजवावी व रवीने घुसळावी. दीडशे ग्रॅम लसूण, हिरव्या मिरच्या, जिरे व मीठ एकत्र ठेचून त्यात घालावे. वरून तेलात मोहरी, हळद व कढीपत्त्याची फोडणी द्यावी. घुटे थंड होताना घट्ट होत जाते, म्हणून उकळते पाणी जवळ ठेवावे व वाढण्यापूर्वी सैल करावे.

वाटेच्या शिदोरीसाठी धपाटे करावेत. ज्वारीचे पीठ दोन वाटे, गव्हाचे अर्धा वाटा व बेसन अर्धा वाटा घ्यावे. त्यात तीळ, ओवा, हळद, तिखट, ठेचलेला लसूण, कोथिंबीर व मीठ घालून मळावे, ओल्या फडक्यावर थापावे आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी भाजावे. पूर्ण निवल्यावरच बांधावेत. गरम बांधले तर वाफेने ओलसर होऊन लवकर बुरसतात. नीट भाजलेले धपाटे दोन-तीन दिवस टिकतात. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्याही प्रवासाला चांगल्या. प्रत्येक कोयत्यामागे वीस धपाटे, थोडी शेंगदाण्याची चटणी व गुळाचा खडा बांधून दिला, तर ती जोडी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी चूल मांडण्याच्या धावपळीतून सुटते. ट्रॅक्टर निघण्यापूर्वी छोटीशी प्रार्थना करावी व मुलांना कोण सांभाळणार आहे तेही विचारून घ्यावे.

दुसरी वेळ : तुरी व हुरड्याचे जेवण (जानेवारी)

लातूर-धाराशिव भागात व आसपास आपले शेजारी मार्गशीर्षाच्या अमावास्येला 'येळवस' करतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवले जाते. त्या दिवसाचा पूजाविधी त्यांचा आहे, त्याचा आम्ही आदर करतो. भज्जी आणि आंबील मात्र या शिवाराची आहेत. जो येथे पेरतो-कापतो त्या प्रत्येकाची आहेत. आभारभोजनासाठी यांहून योग्य पदार्थ आम्हांला दिसत नाहीत.

आंबील : एक किलो ज्वारीचे पीठ दोन लिटर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी पाच लिटर पाण्याला आधण आणून हे कालवण धार धरून सोडावे व सतत ढवळत शिजवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पूर्ण निवल्यावर आणखी तीन लिटर ताक, ठेचलेले आले-लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ व कोथिंबीर घालावी. एक सूचना काळजीपूर्वक पाळावी : आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, धातू त्यात उतरतो व पोटाला बाधतो. भाड्याने आणलेली पातेली आधी आतून पाहून घ्यावीत. स्टीलचे पातेले किंवा मातीचा घडा उत्तम.

भज्जी : ही तळलेली भजी नव्हेत, तर ओल्या दाण्यांची व पालेभाज्यांची घट्ट भाजी होय. तुरीचे ओले दाणे दोन किलो, हरभऱ्याचे सोलाणे एक किलो, वाटाणे एक किलो, भिजवलेले शेंगदाणे अर्धा किलो, गाजर व वांगी प्रत्येकी एक किलो, मेथी व पालक प्रत्येकी चार जुड्या, चुक्याच्या दोन जुड्या आणि कांद्याची पात घ्यावी. आधी सर्व दाणे मिठाच्या पाण्यात मऊ शिजवावेत. चुका किंवा चिंच आधी घालू नये, कारण आंबटपणामुळे दाणे दडस राहतात. दाणे शिजल्यावर गाजर-वांगी, मग पालेभाज्या व शेवटी चुका घालावा. एक किलो बेसन गार पाण्यात कालवून त्यात सोडावे व पीठ शिजून भाजी घट्ट होईपर्यंत ढवळत राहावे. शेवटी भरपूर लसूण, हिरवी मिरची, जिरे व तिळाची फोडणी द्यावी.

भाकरी व उंडे : ५० माणसांना शंभर भाकरी धरल्यास सुमारे नऊ किलो पीठ लागते. एका घरावर हा भार टाकू नये. दहा घरांनी दहा-दहा भाकरी फडक्यात बांधून आणाव्यात. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ ताजे दळलेले असावे व गरम पाण्यात मळावे. जुन्या पिठाच्या भाकरीला चिरा पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'परभणी मोती' या रब्बी ज्वारीचा दाणा टपोरा व शुभ्र असतो. ज्यांच्या कणगीत ती असेल त्यांनी अवश्य वापरावी. बाजरीच्या पिठात तीळ व मीठ घालून, गोळे वळून वाफवलेले उंडे भज्जीबरोबर फार चांगले लागतात व वृद्धांनाही चावतात.

खीर : अडीच किलो गहू ओलसर करून, सडून, पाखडून कोंडा काढावा व रात्रभर भिजवावा. दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्यात दाणा बोटाने चेपला जाईल इतका मऊ शिजवावा आणि त्यानंतरच तीन किलो गूळ घालावा. गूळ आधी पडला तर गहू पुढे मऊ होत नाही. गूळ विरघळून एक उकळी आल्यावर पातेले खाली उतरवावे. थोडे निवल्यावर तीन लिटर तापवलेले दूध मिसळावे, म्हणजे ते फाटत नाही. भाजलेले खोबरे, खसखस, बडीशेप व जायफळ वरून घालावे.

जेवणाआधी मुलांसाठी हुरड्याची आगटी पेटवावी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सुरती किंवा गूळभेंडीची कोवळी कणसे भाजून, हातावर चोळून, पाखडून गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर द्यावेत. या वेळी एखाद्या मोठ्या माणसाने रूथची गोष्ट सांगितली, तर ती मुलांच्या कायमची लक्षात राहील.

आणि गैरहजरांचा वाटा! जेवण वाढण्यापूर्वीच प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी किंवा दोन किलो तूरडाळ एका पोत्यात घालावी. ऊसतोडीला गेलेल्यांची मुले व म्हातारी माणसे ज्या घरांत आहेत तेथे ती त्याच दिवशी पोहोचवावी. त्यांना पंगतीला आणावेच, पण हा वाटा वेगळा समजावा.

तिसरी वेळ : परतलेल्यांचे जेवण (ईस्टरनंतर)

या वेळी नवा गहू, नवा हरभरा व नवीन गूळ हाताशी असतो, म्हणून पुरणपोळी करावी. पाच किलो हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी, म्हणजे कट, निथळून ठेवावा. डाळीत पाच किलो गूळ घालून पुरण घट्ट आटवावे व गरम असतानाच वाटावे. कटात भाजलेला कांदा-खोबरे, काळा मसाला व चिंच घालून आमटी करावी. अशा रीतीने डाळीचा थेंबही वाया जात नाही. पोळ्या लाटण्याचे काम चार-पाच घरांत वाटून द्यावे. उन्हाळा असल्यामुळे कैरीचे पन्हे करावे. गूळ व साखर या वस्तू तर परतलेल्यांच्याच कोयत्याच्या कष्टातून आपल्या घरी आल्या आहेत, याचा उल्लेख प्रार्थनेत व्हावा.

मांसाहाराविषयी

अनेक वाचक विचारतील, सण आहे आणि मटण नाही? मांसाहार करू नये असे आमचे म्हणणे नाही. शुक्रवार सोडून अन्य दिवशी गावरान कोंबडीचा पातळ रस्सा भाकरीबरोबर खुशाल करावा. ५० जणांस सहा-सात किलो पुरते. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सोनपेठच्या शेजारी गंगाखेड आहे आणि गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. आपल्या गावोगावी माळकरी शेजारी आहेत. मांसाचे पातेले ज्या चुलीवर चढते त्या पंगतीला ते बसत नाहीत. भज्जी-आंबिलीच्या पंगतीला सर्वांना बसता येते. दुसरी गोष्ट खर्चाची. बोकडासाठी उचल घेऊन मानलेले आभार पुढच्या हंगामापर्यंत व्याजाने फेडावे लागतात. देवाने दिलेल्यातून द्यावे. सावकाराने दिलेल्यातून नव्हे.

पंगत कशी बसवावी

पहिल्या पंगतीला शेतात राबणारे मजूर, सालगडी व त्यांची मुले बसावीत. घरच्या कर्त्या पुरुषाने व मुलांनी वाढावे. घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसावे. मजुरांसाठी वेगळी ताटे, वेगळी जागा किंवा 'घरी न्या' म्हणून दिलेली पुडकी असू नयेत. ज्या दिवशी भोजन आहे त्या दिवसाची मजुरी कापू नये. नाहीतर जेवण आपले आणि पैसे त्यांचे, असा प्रकार होतो. मागील हंगामाची कोणाची मजुरी राहिली असेल, तर ती आमंत्रण देण्याआधी चुकती करावी.

जेवणापूर्वी थांबून प्रार्थना करावी आणि जेवणानंतरही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ही सवय पुन्हा अंगी बाणवण्यास सांगितले आहे. त्या क्षणी आपण देवाचे, सृष्टीचे आणि ज्यांच्या श्रमाने अन्न मिळाले त्यांचे स्मरण करतो. प्रार्थनेत त्या वर्षी कोणी काय पिकवले, कोणी कापले, कोणी मळणी केली हे नावानिशी म्हणावे. आपले नाव देवासमोर घेतले गेले हे मजूर भगिनी विसरणार नाही.

पीक बुडाले त्या वर्षी

शेवटी एक अवघड प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पुराने उभी पिके गेली, कित्येकांची मातीही वाहून गेली. अशा वर्षी कशाचे आभार मानायचे? आमच्या घरांतील वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगतात. त्यांच्या बोलण्यात सुकडी व अमेरिकेहून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी हमखास येते. तिची भाकरी चवीला नावडती, तरी तिच्यावर माणसे जगली. आभार मानणे म्हणजे सारे ठीक चालले आहे असे म्हणणे नव्हे. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला फळ नाही, शेतात धान्य नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, अशा अवस्थेतही देवाच्या ठायी आनंद मानण्याचा निश्चय केला. त्याने नुकसान लपवले नाही. एकेक करून मोजून सांगितले. त्या वर्षी आपणही तसेच करावे. फक्त आंबील करावी, नुकसान मोकळेपणाने बोलावे, पंचनामा किंवा पीकविम्याच्या कागदांत कोणी अडले असेल तर शिकलेल्या तरुणांनी तेथेच बसून मदत करावी. तेही आभारभोजनच आहे.

आणखी एक विनंती. आज आपल्या बहुतेक शेतांत सोयाबीन व कापूस असतो. तो बाजारात जातो आणि ताटातले धान्य दुकानातून येते. अशा घराला 'आपल्या शेतातले' म्हणून काय वाढावे हा प्रश्न पडतो. येत्या पेरणीला चार तासे मूग, उडीद वा बाजरी आणि रब्बीत दोन गुंठे ज्वारी आभारासाठी म्हणून पेरावी. तिच्या कडा कापू नयेत. सरवा तसाच राहू द्यावा.

आजींनी शेवटी काय केले, असे वाचक विचारतील. त्यांनी मंडप घातला नाही, उचलही घेतली नाही. नातवाने सुट्टी काढून गावी येऊन आगटी पेटवली. तुरी कापणाऱ्या सात बायका पहिल्या पंगतीला बसल्या आणि थोरल्या मुलाने त्यांना भज्जी वाढली. आजींनी आम्हांलाही निरोप धाडला होता. आम्ही पोहोचेपर्यंत खीर संपली होती.

प्रभू आपल्या शिवाराला, आपल्या कणगीला आणि तेथे राबणाऱ्या प्रत्येक हाताला आशीर्वाद देवो.